यरीहोच्या आतून

यरीहोची गोष्ट मी आयुष्यभर बाहेरून सांगत आले. आमच्या चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी उपासनेआधी मी संडे स्कूल घ्यायचे, आणि वर्षातून एकदा तरी ही गोष्ट यायचीच. पोरांची फार आवडती. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून येतात, समोर भक्कम तटाचं यरीहो शहर, आणि देव म्हणतो लढू नका, नुसते चाला. सहा दिवस रोज एक फेरी, तोंडातून शब्द काढायचा नाही. सातव्या दिवशी सात फेऱ्या, मग सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकायची. मी मधोमध काड्यापेट्यांचा तट रचायचे, पोरांना भोवती फिरवायचे, आणि शेवटी पोरं अशी काही बोंबलायची की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची. तट पडायचाच, कुणाचा ना कुणाचा पाय लागायचाच. मग मी फळ्यावर ‘विश्वास आणि आज्ञापालन’ असं लिहायचे आणि वर्ग सोडायचे.

त्या काड्यापेट्यांच्या आत कोण होतं, असं एकाही पोरानं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुधा गप बस म्हणाले असते. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली की माणसाला प्रश्नांपेक्षा शांतता जास्त आवडायला लागते.

माझा भाऊ त्याच वर्गातला. माझ्याहून बराच लहान. आई लवकर गेली म्हणून तो माझ्याच हाताखाली वाढला. इतर पोरं गोष्ट ऐकायची आणि विसरायची, हा घरी जाऊन ती करून बघायचा. एकदा मन्नाची, आभाळातून पडणाऱ्या भाकरीची, गोष्ट सांगितली तर दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात ताट ठेवून बसला होता. मोठा झाला, चौसाळ्याच्या फाट्यावर त्यानं टायर-पंक्चरचं दुकान टाकलं, लग्न केलं, आणि मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, पंच झाला. आमचे पाळकसाहेब बीडहून महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. बाकीचे रविवार उपासना तोच चालवतो. शास्त्र, म्हणजे बायबल, त्याच्यासाठी रस्त्यावरच्या पाटीसारखं आहे. डावीकडे वळा लिहिलंय तर डावीकडे वळायचं, का म्हणून विचारायचं नाही.

त्याला एकच मुलगी. ती चार वर्षांची असताना तापानं फणफणली, आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. भाऊ व्हरांड्यात, लोकांच्या चपलांमध्ये गुडघे टेकून बसला आणि मोठ्यानं म्हणाला, देवा, ही वाचली तर तुझ्या सेवेत देईन. मी तिथेच उभी होते. आम्ही सगळे आमेन म्हणालो. पोरगी वाचली. सेवेत देणं म्हणजे नक्की काय देणं, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. लेकरू डोळे उघडून पाणी मागत होतं, तेवढं पुरे होतं.

पोरगी वाढली ती उंचच उंच आणि नुसती पायांची. बारावी झाल्यावर तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. बीडला जाऊन-येऊन क्लास लावला. पहाटे हायवेच्या कडेनं पळायची, आणि दुकान उघडायला आलेला तिचा बाप शटर वर करताना थांबून तिच्याकडे बघत राहायचा. मी पाहिलंय हे. त्याला कौतुक नव्हतं असं नाही.

मग गेल्या हिवाळ्यात एक स्थळ आलं. लातूरकडचा एक प्रचारक, गावोगाव शास्त्र सांगत फिरणारा, पहिली बायको वारलेली, माणूस भला. त्या माणसाविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. पण माझ्या भावाला त्यात स्थळ दिसलंच नाही. त्याला दिसलं की देवानं व्हरांड्यातल्या शब्दाची आठवण करून दिली. एका रविवारी उपासना संपताना तो उभा राहिला आणि म्हणाला, मंडळीसमोर मी मुलीचा शब्द देतोय. मुलगी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसलेली होती. तिला ही गोष्ट सगळ्यांबरोबरच कळली. बायका वळून तिचे हात हातात घ्यायला लागल्या आणि ती माझ्याकडे बघत होती.

दोनच दिवसांनी ती पाठीवर सॅक लावून माझ्या दारात उभी. "आत्या, पुढच्या शनिवारी बीडला ग्राउंड आहे माझं. तोवर राहू दे."

ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी. पळणं, गोळाफेक वगैरे. मी म्हटलं ये.

संध्याकाळी भाऊ आला. चप्पल काढली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"अक्का, पोरगी दे."

"दे म्हंजे? उसना पाना हाय का तुझा?"

"म्या देवाला शब्द देलाय."

"शब्द तू देलास. पाय तिचे हायत."

त्यानं काढलेल्या चपला पायानं सरळ केल्या. मग म्हणाला, "शास्त्र तूच शिकवलंस ना मला? मग आता कावून आडवी यायलीस?"

मी दार लावून घेतलं. माझा भाऊ हात उगारणारा माणूस नाही. असता तर सोपं गेलं असतं, मी सरळ चौकीवर गेले असते. आत पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तिनं जे सांगितलं ते मला आधीच कळायला हवं होतं. "आत्या, बाबा मारत न्हाईत, ओरडत न्हाईत. नुसती हाक मारतात. पण त्यांनी हाक मारली ना, की माझे पाय थांबतात. लहानपणापासूनच. मी ठरवलं तरी मला पुढं जाता येत न्हाई."

आणि माझ्या घरातून कुठेही जायचं तर हाकेच्या अंतरावरच्या फाट्यावरूनच जावं लागतं. समोर त्याचं दुकान. बस थांबते ती दुकानासमोर, जीप भरते ती दुकानासमोर, आणि तो पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलेला.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले नाही. वहिनीच्या शेजारणीकडून कळलं की भावानं मंडळीसमोर जाहीर केलंय, उद्यापासून यरीहो. काही गावांत लोक असं करतात, आजारी माणसाच्या घराभोवती, कोर्टाच्या आवाराभोवतीसुद्धा. पण इथे फेरी माझ्या घराभोवती होती. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज पहाटे एक, रविवारी सात. नियमही त्यानं सांगितले. तोंड उघडायचं नाही, हात उचलायचा नाही, रांग मोडायची नाही. यरीहोत एकाच माणसानं आज्ञा मोडली, लुटीतला झगा लपवला, आणि त्याच्या एकट्यापायी सगळं इस्राएल पुढच्या लढाईत हरलं. कुणी एक शब्द बोललं तर सगळ्यांची प्रार्थना वाया जाईल. हा भागही त्याला मीच शिकवला होता, नकाशा काढून.

सोमवारी उजाडायच्या सुमाराला कर्णा वाजला. गोष्टीतलं एडक्याचं शिंग कुठून आणणार, म्हणून मंडळीतल्या एका बँडवाल्यानं आपला ट्रम्पेट आणला होता. बिचाऱ्याचं सगळं आयुष्य वरातीत गेलेलं. एकच सूर लांबवायचा असं त्याला बजावलेलं, पण सूर संपता संपता बोटं आपोआप नवरदेवाच्या गाण्याकडे वळायची आणि तो दचकून थांबायचा. मी खिडकीच्या जाळीतून पाहिलं. पुढे ट्रम्पेट, मागे माझा भाऊ, छातीशी पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं शास्त्र, गोष्टीतल्या देवाच्या पेटीच्या, कोशाच्या जागी. मागे पुरुष, मग बायका, मग माझ्या संडे स्कूलची पोरं, ओठांवर बोट ठेवून. मी त्यांना जसं शिकवलं होतं तसं तंतोतंत. मला हसू आलं आणि लगेच मी जाळीपासून मागे सरले.

माझं घर सुटं आहे. तीन बाजूंनी मोकळी जागा आणि चौथ्या बाजूला किराणा दुकानवाल्यांच्या भिंतीला लागून बोळ, इतका अरुंद की एकेकानं तिरकं होऊन जावं लागतं. स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळात. तिथून एकेक चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावरून जात होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ज्यांच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या त्या बाया समोरच्या विटा मोजत गेल्या.

त्यांची पाठ वळते न वळते तोच किराणावाले काका भिंतीवरून डोकावले. कपाळावर भस्माचे ताजे पट्टे, हातात पूजेची घंटा तशीच.

"बाई, तुमच्या घराला प्रदक्षिणा कावून घालायलेत वो? काय मूर्ती-बिर्ती निघाली का?"

"मूर्ती न्हाई, काका. भाची हाय आत."

काकांनी थोडा विचार केला. "मंग आमी बी घालाव का एक?"

काय सांगणार त्यांना. मी म्हटलं, नका, तुमचे गुडघे दुखतात.

पहिल्या दिवशी हा सगळा तमाशा वाटला. दुसऱ्या दिवसापासून घर लहान व्हायला लागलं. फेरी तशी थोड्याच वेळाची, पण गप्प बसण्याची सवय दिवसभर उतरली. नळाला पाणी आलं म्हणून मी बाहेर गेले तर रांगेतल्या बाया घागरी उचलून सरकल्या, एरवी ज्या माझ्याशी बोलण्यासाठी घागर भरली तरी उभ्या राहायच्या. दूधवाला आमच्यातला नाही, तोही हळू आवाजात बोलायला लागला. बोलायला मला कुणीही मनाई केली नव्हती. मी काय वाटेल ते बोलू शकत होते, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं. आत आले की पोरगी मधल्या वाटेत पळत असायची. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, वळायचं आणि परत. गोळ्याच्या जागी तिनं माझा वरवंटा घेतला आणि परसात फेकून दोन शहाबादी फरश्यांचे तुकडे केले. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "आत्या, हायवेवर मी कधी वळत न्हाई. सारखं वळून वळून माझी चालच बिघडायली."

मला तिचा राग आला, भावाचा आला, देवाचाही आला. मी तशी देवाशी भांडणारी बाई आहे, नवरा गेला तेव्हापासून आमचं तसंच चाललंय. पण या वेळी भांडायला सूरच लागेना. कारण भीती वेगळीच होती. मला वाटत होतं की भाऊ बरोबर असला तर? त्याच्यासारखा विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. देवानं त्या व्हरांड्यात त्याचं ऐकलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तो आपलं देणं द्यायला उभा आहे आणि मधे मी. इस्राएलच्या सगळ्या इतिहासात मधे उभ्या राहणाऱ्यांचं काय झालं हे मला तोंडपाठ आहे.

त्या दिवसांत मला सारखी आठवायची ती यरीहोतली बाई. तटाच्या भिंतीतच जिचं घर होतं, जिनं इस्राएलच्या दोन हेरांना माळवदावर जवसाच्या काड्यांखाली लपवलं आणि राजाची माणसं आली तेव्हा सरळ खोटं सांगितलं. मी वर्गात तिला एका वाक्यात उरकायचे, तिचा वेश्येचा धंदा पोरांना काय सांगणार म्हणून. आता पोळ्या लाटताना मी विचार करायचे की त्या सात दिवसांत ती काय करत असेल. आई, बाप, भाऊ, सगळं गणगोत एका घरात कोंबलेलं. बाहेर हजारो पावलांचा आवाज, आणि एक शब्द नाही. बापानं विचारलं असेल, ते लोक खरंच आपल्याला सोडतील का गं? तिनं काय सांगितलं असेल? तिच्याकडे होता फक्त शब्द, तुझं घर वाचवू असा, दोन अनोळखी माणसांनी दिलेला. आणि तिलाही आज्ञा होतीच. बाहेरच्यांना सांगितलं होतं चाला. तिला सांगितलं होतं, घराच्या दाराबाहेर पडू नका, जो पडेल त्याचं रक्त त्याच्या माथी. म्हणजे विश्वास ठेवायचा तर कोंडून घ्यायचं. हे मी कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं. शनिवारी पोरीला तर दाराबाहेर पडायचंच होतं.

गुरुवारी फेरी बोळात शिरली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. पुरुष गेले. मग वहिनी आली, पोरीची आई. बाई तशी अबोल, नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारी. चालता चालता तिनं पदराखालून काहीतरी काढलं, खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि मान न वळवता पुढे गेली. रांग मोडली नाही, शब्द काढला नाही. पोरीचे पळायचे बूट होते, धुतलेले, नाड्या नव्या. पोरगी घाईत घरून चपलेवरच आली होती. तिनं ते बूट उचलले आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून बसली. मी दार वाजवलं नाही.

शुक्रवारी दुपारी माझा धीर सुटला. मी तिला म्हटलं, एकदा त्या माणसाला भेट तर खरी, भेटण्यानं काय बिघडतंय. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी त्या रविवारी सतरंजीवरून बघत होती. मग म्हणाली, "तू बी चालायलीस का आता त्यांच्या संग?"

मला फार लागलं ते. मी ताट सरकवून उठले. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बोललो नाही, आणि घरात आता आतही तीच शांतता आली जी बाहेर होती. दिवेलागणीला ती माझ्याजवळ येऊन बसली. तिला सकाळी आठच्या आत बीडच्या मैदानावर पोचायचं होतं. पहिली जीप उजाडताना भरते, दुकानासमोर. तो हाक मारणार, ती थांबणार. परसदारातून गेलं तरी हायवेला यावंच लागतं. आम्ही सगळं पुन्हा पुन्हा घोळवलं आणि दर वेळी फाट्यावर येऊन अडकलो.

मग ती एकदम ताठ बसली. "आत्या, फेरी चालू असताना ते बोलू शकत न्हाईत."

मला आधी कळलंच नाही.

"कुणीच बोलू शकत न्हाई. बाबा बी. हाक मारता येणार न्हाई त्यांना."

मी म्हटलं, अगं, तो बाप आहे, रांग सोडून येईल, हात धरेल. ती म्हणाली, न्हाई येणार. त्याच्याबद्दल इतक्या खात्रीनं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्याच्या विश्वासावर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा मंडळीत कुणाचाही नव्हता.

शनिवारी ट्रम्पेट वाजला. ती बूट घालून, सॅक लावून पुढच्या दाराशी उभी होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण प्रार्थनेचे शब्द सापडेनात. रांग मागच्या बाजूनं वळून अंगणासमोर आली. मी कडी काढली.

ती पायऱ्या उतरली आणि सरळ रांगेकडे चालत गेली, कारण रस्ता रांगेच्या पलीकडे होता. लोक चालत राहिले. एका बाईनं तोंडावर पदर दाबला. ट्रम्पेटवाल्याचा सूर मधेच तुटला. ती आपल्या बापाच्या अगदी समोरून गेली, हात लांबवला असता तर लागला असता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मी दारातून त्याचं तोंड बघत होते. त्याचं तोंड उघडलं. मानेची शीर ताठ झाली. हाक गळ्यापर्यंत आलेली मला स्पष्ट दिसली, आणि त्यानं ती गिळली. ओठ मिटले आणि पांढऱ्या कापडातलं शास्त्र छातीशी इतकं आवळलं की बोटं पांढरी पडली. रांगेला बोळात वळायचं होतं. तो वळला. बोळात शिरताना त्याची पाठ रस्त्याकडे झाली, आणि त्या अरुंद जागेत मागे वळून बघायलाही जागा नव्हती. बोळातून तो बाहेर पडेपर्यंत जीप निघाली होती.

मी त्याला त्या क्षणी हाक मारायला हवी होती असं मला वाटत राहिलं, काय म्हणून ते मात्र कळत नाही. वहिनी खिडकीजवळून गेली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि ओठ घट्ट.

दुपारी पोरीचा फोन आला. पळण्यात ती तिच्या गटात पुढे होती. गोळा बरा गेला. क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर ती राहणार होती. "बाबा काय म्हणाले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही. आणि ते खरंच होतं.

रविवारी मला वाटलं आता कोण येतंय. ज्या शहरात कुणी उरलं नाही त्याला वेढा कशाला? पाळकसाहेबांचा रविवार होता. चर्चची घंटा झाली, लोक चांगले कपडे घालून माझ्या दारावरून उपासनेला गेले. माझ्याकडे बघून काहींनी मान हलवली, एक-दोघांनी "सलाम, बाई" असंही म्हटलं. मी दाराची कडी काढून ठेवली होती. कुणी अडवत नव्हतं, तरी बाहेर पडायला माझे पाय उचलत नव्हते.

मग तो आला. एकटा. ट्रम्पेट नाही, मंडळी नाही. छातीशी तेच पांढरं कापड. त्यानं घराला फेरी घालायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. ऊन चढत होतं. टायर उचलून उचलून त्याच्या एका खांद्याचं हाड वर आलंय, बोळात दर वेळी ते भिंतीला घासत होतं, मला खिडकीतून ऐकू यायचं. मी आत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्याच्याबरोबर फिरत राहिले, तो बाहेर आणि मी आत. थांब म्हणावंसं वाटत होतं. पण बोललं असतं तर त्याच्या हाती जे उरलं होतं तेही मोडलं असतं. किराणावाले काका भिंतीवर हात टेकून उभे होते, त्यांनीही काही विचारलं नाही.

सातवी फेरी संपली. तो अंगणात माझ्या दारासमोर उभा राहिला. आता बोलायची मुभा होती, आरोळी ठोकायची आज्ञाच होती. आठवडाभर साठलेलं त्यानं सगळं एका श्वासात बाहेर काढलं.

"मायऽऽ!"

तो तिला माय म्हणतो. आमच्याकडे बाप लेकीला म्हणतात तसं. फाट्यावरून दुपारच्या डब्यासाठी मारायचा तीच हाक, फक्त इतक्या जोरानं की घसा फाटला. घरात ती नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. चर्चमधलं गीत थांबलं, इतक्या लांब ते ऐकू गेलं असावं. आतून उत्तर आलं नाही. तो मान वाकडी करून ऐकत उभा राहिला, उत्तर येईल या आशेनं.

मी दार उघडून बाहेर आले.

"ग्राउंड कसं झालं तिचं?" त्यानं विचारलं. आवाज पार बसला होता.

"चांगलं झालं. पळण्यात पुढं होती."

त्यानं मान हलवली. पहाटे शटर धरून तिला पळताना बघायचा तसा क्षणभर त्याचा चेहरा झाला, आणि मग तो खाली माझ्या पायरीवर बसला. शास्त्र मांडीवर ठेवलं, कापडाची गाठ सोडली, परत बांधली.

"लग्न मोडलं म्हनून सांगतो त्यांना," तो म्हणाला. "माणसापुढं मान खाली घालता येती मला, अक्का. लई जणापुढं घातलीया." त्यानं कापडाच्या गाठीवरून अंगठा फिरवला. "पन त्या दिवशी दवाखान्यात त्यानं माझं ऐकलं. पोरगी देली. आता म्या त्याला काय सांगू?"

तो माझ्याकडे बघत होता, वर्गात बघायचा तसा, उत्तर येणारच याची खात्री असल्यासारखा. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले.